पडद्यावर उरलेलं शून्य

तेंदूच्या हंगामात एका फळीवरच्या, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागेवरच्या, मुन्शीला लोकांनी चोर ठरवलं. तो चोर नव्हता. प्रकरण मिटलं असं सगळे म्हणतात, पण माझ्या मनातून ते जात नाही, कारण त्याच्यावर आळ आणणारं शून्य कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

गडचिरोलीत आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा आल्यानंतर अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतःच विकतात. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांवर मजुरी, मे महिन्यात थोड्याच दिवसांचं काम. या मजुरीच्या हिशेबाचा प्रोग्राम आम्ही काही जणांनी मिळून एटापल्ली-धानोऱ्याकडच्या गावांसाठी केला होता. सगळी नोंद चंद्रपूरच्या एका संगणकावर, आणि तालुक्याला जुने लॅपटॉप. तिकडे नेटवर्क कधी येतं, कधी जातं. म्हणून चित्रं, बटणं, माउस असलं काहीच ठेवलं नाही. काळ्या टर्मिनलवर नुसती अक्षरं.

अशा पडद्यासाठी 'एनकर्सेस' नावाची लायब्ररी वापरतात. मूळ 'कर्सेस' केन अरनॉल्ड यांनी १९८० च्या सुमारास बर्कलेला लिहिली. तेव्हा टर्मिनलला येणारी लाइन इतकी संथ असे की पडदा पुन्हा पुन्हा अख्खा काढणं परवडत नसे. म्हणून ही लायब्ररी पडद्यावर काय आहे ते स्वतःच्या स्मृतीत ठेवते आणि बदललेली तेवढीच घरं पाठवते. घरं म्हणजे चौकटी. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलवर ८० घरांच्या २४ ओळी होत्या, आणि आजही टर्मिनलचा सगळा कारभार अशा घरांच्या हिशेबानेच चालतो. 'ए'ला एक घर, 'बी'ला एक घर.

आता 'आत्राम' हे आडनाव लिहा. आपल्याला तीन अक्षरं दिसतात: आ, त्रा, म. संगणकाच्या लेखी ती सहा चिन्हं आहेत: आ, त, हलन्त, र, काना, म. कुठल्या चिन्हाला किती घरं हे सांगणारं एक कोष्टक असतं. त्यात हलन्ताला शून्य, उकाराला शून्य, मात्रेला शून्य, अनुस्वाराला शून्य. काना आणि वेलांटीला मात्र प्रत्येकी एक. त्या हिशेबाने 'आत्राम'ला पाच घरं लागतात. पण टर्मिनल आणि त्यातला फॉन्ट जोडाक्षर जुळवून ते चार घरांत काढू शकतात, तीन घरांतही. लायब्ररीला वाटतं आपण पाच घरं पुढे आलो. पडद्यावर मात्र अक्षरं मागेच राहिलेली असतात. पुढचा आकडा कुठे छापायचा हे तुम्ही कितीही बजावून सांगा, उपयोग नाही. तिच्या समजुतीप्रमाणे ती तिथेच उभी असते, म्हणून जागा बदलायची आज्ञा ती पाठवतच नाही.

त्या दिवशी नेमकं हेच घडलं. यादी एक ओळ वर सरकली. मजुरीच्या रकान्यात आधीच्या ओळीतल्या रकमेचा शेवटचा आकडा शून्य होता. नवी रक्कम होती १२८०. नाव एका घराने आखडलं, म्हणून रक्कमही एक घर अलीकडे छापली गेली. जुनं शून्य जिथे होतं तिथेच राहिलं. लायब्ररीच्या मते तिथे नव्या रकमेचं शून्य आधीच बसलेलं होतं, मग पुसायचं कशाला? पडद्यावर दिसलं १२८००.

लोक लॅपटॉपभोवती उभेच होते. कुणीतरी मोठ्याने वाचलं. मुन्शीने वहीतून १२८० दाखवले, पैसेही तेवढेच दिले. मग वर राहिलेले पैसे गेले कुठे? वहीतला आकडा बरोबर होता, नोंदीतला बरोबर होता, चंद्रपूरच्या संगणकातलाही बरोबर होता. सगळ्यांनी मिळून पाहिलेला तेवढा खोटा होता, आणि विश्वास बसला तो त्याच्यावर. मी तिथे पोचेपर्यंत तो माणूस चिंचेखाली एकटा बसला होता. वही उघडी मांडीवर. "भाऊ, मी काऊन खाईन यायचे पैसे?" एवढंच तो म्हणाला. मी सगळ्यांसमोर पडदा पुन्हा काढून दाखवला आणि शून्य गेलं. त्यावर एक म्हातारबा म्हणाले, "तुमी आल्यावर गेलं ना." त्या शंकेला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

खरा राग मला त्यानंतरचा आहे. आम्हाला मदत करणाऱ्या एका संस्थेचे तांत्रिक सल्लागार आले, अर्धा तास बसले आणि निकाल देऊन गेले: नावं इंग्रजी लिपीत लिहा, प्रश्न संपला. पडदा सरळ झाला हे खरंच. पण नावं ऐकून टाइप झाली. एकाच आडनावाचे एकाच गावात तीन नमुने झाले, ते पासबुकाशी जुळेनात, आणि बँकेतून पैसे परत येऊ लागले. आधी ज्या बाया यादीत स्वतःचं नाव बोट ठेवून शोधायच्या, त्यांना आता कुणाला तरी विचारावं लागे. ज्यांचे पैसे अडकले त्यांत मुन्शीची आईही होती. नाव बाईंचं, घाम बाईंचा, आणि यंत्राला झेपत नाही म्हणून बदलायचं ते नाव!

झेपत नाही हेही खरं नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत १९८८ पासूनच भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट तंत्रज्ञानावर काम होत होतं. त्याची सुरुवात आयआयटी कानपूरची. जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की साध्या डॉसच्या पडद्यावर जोडाक्षरं नीट उमटत, आणि युनिक्सला जोडायची जिस्ट टर्मिनलंही होती. त्यासाठी इस्की ही संकेतपद्धती होती, तिचं भारतीय मानक १९९१ चं. युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणजे अक्षरांचा क्रम जगाने आपल्याकडून घेतला, आणि ती घरांत बसवायची रीत मागेच राहिली. लिनक्सचा मूळ कन्सोल तर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या ठेवतो आणि अक्षरं जोडतच नाही.

मी हे चिडून बोलतो खरा, पण जिस्टसाठी वेगळं कार्ड किंवा वेगळं टर्मिनल विकत घ्यावं लागे. एटापल्लीच्या फळीवर ते कोण घेणार होतं? एनकर्सेस फुकट आहे, खुली आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड तुटतं तेव्हाही मिणमिणत्या नेटवर्कवर तीच तग धरते. त्या आठवड्यात सगळं फेकून ब्राउझरवर जाऊ असं मी तावातावाने म्हणत होतो. आज म्हणणार नाही. बदललेलं तेवढंच पाठवायचं ही काटकसर त्या जंगलात सोन्यासारखी आहे, मुन्शीचा घात तिनेच केला तरी.

असं काम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: देवनागरी नाव ओळीत सगळ्यात शेवटी ठेवा. आधी क्रमांक, मग पुडे, मग रक्कम, आणि नाव उजव्या टोकाला; त्याच्यापुढे सरकायला काहीच उरत नाही. पान बदललं की पडदा पूर्ण पुसून नव्याने काढा, त्यात थोडा वेळ गेला तरी चालेल. जमलं तर एमएलटर्म हे टर्मिनल वापरून पाहा, भारतीय लिप्या जोडायची सोय त्यात आहे. आणि सल्लागाराने नावं बदलायला सांगितली तर त्याला आधी फळीवर बसवा.

आमच्या यादीत नावं पुन्हा देवनागरीत आली आहेत. बँकेसाठी रोमन नावाचा रकाना वेगळा केलाय. तो पासबुक समोर ठेवूनच भरायचा, ऐकून नाही. मुन्शी मात्र पुढच्या हंगामात आला नाही. त्याच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, पण पुडा हातात घेताच पानं कमी आहेत हे त्या मुन्शीला कळायचं, याला मोजावी लागतात.