उजेड आमच्या चेहऱ्यावर मोजा

दरवर्षी १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता खरवईतल्या आमच्या वस्तीत बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्त्या लागतात. दिवसभर एमआयडीसीत राबून आलेली माणसे आणि पांढऱ्या साड्यांतल्या आया-आज्या जमतात, वंदना होते. या क्षणाचा धड फोटो मात्र वर्षानुवर्षे आमच्याकडे नव्हता. मोबाइलमध्ये चेहऱ्यांच्या जागी काळे डाग, आणि फ्लॅश मारला की सगळे पांढरेफटक. एकदा एक आजी वैतागल्या, “डोळ्यात बॅटरी काय मारतोस रे? मी काय चोर हाय?”

ते आम्हाला लागले. फ्लॅश बंद केला.

गेल्या जयंतीला वर्गणी काढून ८५ एमएमची एफ/१.४ लेन्स भाड्याने आणली. वजन किलोभराच्या वर. पण एफ/५.६च्या साध्या लेन्सपेक्षा ती सोळापट उजेड आत घेते. आयएसओ ३२०० ठेवला, तर मेणबत्तीच्या उजेडातही सेकंदाच्या १२५व्या भागात फोटो निघतो. स्टँड नको, फ्लॅश नको. कोपर बरगडीला टेकवायचे, डावा तळवा लेन्सखाली, श्वास सोडून बटण दाबायचे. तासाभरात हात थरथरू लागतो, म्हणून आम्ही तिघांनी आलटून-पालटून कॅमेरा धरला.

तरीही पहिले फोटो फसले. साड्या झकास, चेहरे अंधारात. कारण साधे आहे. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो. पांढरे जास्त दिसले की उजेड भरपूर आहे असे समजून तो उजेड कमी करतो. उन्हात राबलेला सावळा चेहरा त्यात बुडतो.

यंत्राला जात नसते, असे आपले काही मित्र म्हणतात. यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण असते, हेही त्यांनी विचारावे. कोडॅकच्या रंगीत फोटोंचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांत ‘शर्ली कार्ड’ वापरत. त्यावर गोरी बाई. काळ्या माणसांचे चेहरे नीट येत नसत. संशोधक लोर्ना रॉथ यांनी नोंदवले आहे की सुधारणेला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींमुळे! त्यांना आपल्या मालाच्या तपकिरी छटा वेगळ्या दिसायला हव्या होत्या.

आम्ही मग स्पॉट मीटर लावला आणि उजेड आजींच्या गालावर मोजला. चेहरा उजळला.

दुसरा धडा त्याहून मोठा. दोन मीटरवरून एफ/१.४ला जेमतेम चार-पाच सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. आजींचे डोळे धारदार आले, पण मागची प्रतिमा, लेकी-सुना, विहाराचे दार, सगळे विरघळून गेले. असा फोटो लोकांना फार आवडतो. आम्हाला तो खुपला. मागची माणसे पुसली की उरतो एक सुरकुतलेला गरीब चेहरा, आणि असले चेहरे कीव करायला बरे पडतात. ही बाई तिथे कशासाठी उभी आहे, हेच त्यातून कळत नाही.

म्हणून एफ/२.८ केले आणि चार मीटरवर मागे सरकलो. उजेड चौथाईवर आला, आयएसओ वाढवावा लागला, फोटोत दाणे दिसू लागले. दिसू देत! आजींच्या शेजारच्या बायाही स्पष्ट आल्या, आणि मागची प्रतिमा ओळखू येऊ लागली.

“लेन्सच्या भाड्यात पुस्तके आली असती,” असे एका कार्यकर्त्याने सुनावले. पुस्तके हवीतच. पण ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तो आपले म्हणणे दुसऱ्याच्या पत्राच्या मर्जीवर राहू नये म्हणूनच. फोटोचेही तेच आहे. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे सुधारक ओलवे यांनी कॅमेऱ्यातून मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तसे काम वस्तीवस्तीत व्हायला हवे.

आजींना प्रिंट नेऊन दिली. त्यांनी स्वतःकडे फारसे पाहिले नाही. बोट ठेवून मागची माणसे मोजली आणि म्हणाल्या, “समदे आले की!”

येत्या १३ एप्रिलला विहारासमोर या. लेन्स जड आहे, धरायला आणखी हात हवेत.

जयभीम!