उरलेली पुंगळी

मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी काडतुसांची पेटी निवडताना मी गोळीपेक्षा पुंगळी अधिक न्याहाळतो. गोळी एकदाच जाते. पुंगळी उरते, पुन्हा भरता येते, आणि मध्यमवर्गीय नेमबाजाचा सराव तिच्यावरच तग धरतो. डोंबिवलीकराला हे पितळ परके नसावे. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर ओलांडले की येणाऱ्या अंबरनाथच्या आयुध निर्माणीत ते घडते. 70 टक्के तांबे, 30 टक्के जस्त. लवचीक, पण मानी. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश छावण्यांत, पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या पुंगळ्या आपसूक तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि घडणीत धातूत राहून गेलेला ताण, हे त्यामागचे कारण 1921 साली नीट उलगडले. म्हणूनच तापवून मऊ केलेल्या मानेवरची निळसर झाक मला चकाकीहून विश्वासाची वाटते. तळाशी आत, मध्यभागी एकच छिद्र असावे. दोन असली, तर जळालेली टोपी काढताना जीव मेटाकुटीस येतो.

स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, ते पॉइंट बावीसच्या रायफलीने. त्या पुंगळीत पेटता मसाला काठातच असतो आणि घोड्याच्या आघाताने काठच चेचला जातो. ती पुन्हा भरता येत नाही. ऑलिंपिकमधली असली तरी भंगारातच जाते.