पुडीतला कापूस

नागपूर,
२७ मे, नवतप्याचा तिसरा दिवस

चि. छोटीस,


तुझा दादा आज संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला निघतोय. त्याच्या हाती तुझा लॅपटॉप परत पाठवतो आहे. बॅगेच्या पुढच्या खणात वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी आहे. अंगारा समजून देव्हाऱ्यात ठेवू नकोस. तुझ्या लॅपटॉपच्या पंख्यापाशी निघालेला कापूस आहे तो. चार वर्षं गादीवर लॅपटॉप ठेवून ड्रॉइंगं काढलीस, त्याची ही कमाई.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतेस आणि मागे तुझं भलतंच काही चालू असतं. कागद बॅगेत पडून राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हाती लागतो. म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी ताईला सांग, मुदतठेव मोडायची नाही. परवा ती मला म्हणाली, "पोरीचं मशीन म्हातारं झालं रे, साठ-सत्तर हजाराची सोय करावी लागेल." चार वर्षांत मशीन म्हातारं होत नसतं. मंद होणं वेगळं आणि म्हातारं होणं वेगळं. हा फरक न कळल्यामुळे नवं मशीन घेतलेली कितीतरी माणसं मी या दुकानात पाहिली. आणि त्यांचं जुनं मशीन साफ करून दुसऱ्याला विकणारे दुकानदारही पाहिले.

आता मी काय केलं ते क्रमानं सांगतो. लॅपटॉप आला तेव्हा दुकानात ३६ अंश होते. प्रोसेसरचं तापमान आणि वेग शेजारी-शेजारी दाखवणारा प्रोग्राम लावला आणि तुझ्याच ड्रॉइंगचं एक रेंडर चालू केलं. वेगाचा आकडा ३.९ गिगाहर्ट्झवर चढला. मिनिटभरात तापमान ९९ आणि १०० च्या मध्ये घुटमळू लागलं, आणि वेग घसरत घसरत १.१ वर येऊन बसला. म्हणजे पैसे तू ३.९ चे मोजलेस आणि काम १.१ वर करत होतीस.

त्यातला थोडा उतार अपेक्षितच असतो. पातळ लॅपटॉपमधली तुझ्यासारखी इंटेलची चिप सलग १५ वॉटवर चालायला बनवलेली असते. सुरुवातीची २८ सेकंद वगैरे तिला त्याच्या दुपटीहून जास्त वीज खायची मुभा असते. खिडकी पटकन उघडावी, पान झटकन यावं, म्हणून ही सोय. रेंडर मात्र तासभर चालतं. तिथं सुरुवातीची उडी कामाची नाही, टिकून चालणं कामाचं. तुझ्या मशीनला तेच जमत नव्हतं.

आणि १०० अंशांना ते मंद का झालं? ते मंद झालं नसतं तर मेलं असतं. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या जर्मन मंडळींच्या संकेतस्थळानं एक व्हिडिओ केला होता. चालू संगणकात प्रोसेसरच्या डोक्यावरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा त्यांनी उचलून काढला. इंटेलच्या पेंटियम ४ वर चाललेला खेळ अडखळत, रखडत का होईना, चालूच राहिला. प्रतिस्पर्धी एएमडीच्या त्या वेळच्या अॅथलॉनमधून मात्र धूर निघाला आणि चिप जळाली. दोघांत फरक एवढाच की पेंटियमला आपला ताप मोजून आपणच वेग उतरवता येत होता. पुढे सगळ्यांनीच ही सोय घेतली. त्या काळात आम्ही दुकानदार गिऱ्हाइकाला गिगाहर्ट्झचा आकडा सांगूनच माल विकायचो. मग २००४ साली इंटेलनं ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडून दिला. वेग वाढवत नेला की उष्णता आवरेना. तेव्हापासून एकाच बैलाला पळवण्याऐवजी एका चिपमध्ये दोन-चार बैल जुंपायला सुरुवात झाली.

याचा हिशेब तुला आवडेल. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, आणि विजेच्या दाबाच्या तर वर्गाच्या पटीत. वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो. उलट, वेग वीस टक्के उतरवला आणि दाबही तेवढाच उतरवता आला, तर ०.८ चा घन काढ: ०.५१. काम वीस टक्क्यांनी कमी, उष्णता जवळपास निम्मी. मशीन मंद होतं ते हा हिशेब मांडून. त्याला शिव्या घालू नकोस.

आता तुझ्या वरच्या खोलीकडे येतो. लॅपटॉपचा पंखा हवा गार करत नाही, खोलीत आहे तीच हवा आत ओढतो. पुण्यातल्या तुझ्या मैत्रिणीचं मशीन २६ अंशांच्या खोलीत ७८ वर राहत असेल, तर तेच मशीन, तेच काम, तुझ्या ४० अंशांच्या खोलीत ९० च्या पलीकडे जाणार. खोली जेवढी तापली, चिप साधारण तेवढीच वर सरकते. नेटवर वाचलेले आकडे पाहून तू घाबरलीस ते यामुळे. ते आकडे अकोल्याच्या स्लॅबखाली कुणी मोजलेले नव्हते.

तू लॅपटॉप दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलास, ही चुगली दादानं केली. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तो रोज पाहतेस ना? कूलरच्या दमट खोलीत गार मशीनच्या आतसुद्धा तसाच घाम फुटतो, आणि तो वीज वाहणाऱ्या पट्टीवर. खाली बर्फाची पिशवी ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. कूलरच्या अगदी तोंडाशीही बसू नकोस. ताट्यांवरून उडणारे तुषार आत जातात, आणि अकोल्याच्या पाण्याचा पांढरा क्षार कूलरच्या जाळीवर कसा धरतो ते तुला सांगायला नको. कूलरच्या खोलीत बस, पण झोतापासून बाजूला.

मागचं झाकण उघडलं तेव्हा आधी पंखा दिसला, बरा होता. पंख्याच्या पुढे तांब्याच्या बारीक पत्र्यांची जाळी असते, हवा तिच्यातून बाहेर पडते. पंखा आणि जाळी यांच्या मध्ये कापसाचा नमदा बसला होता, अगदी चटईसारखा. वरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट घट्ट बसतो. पंखा उचलून काढला आणि चिमट्यानं तो अख्खा तुकडा ओढला. तोच पुडीत आहे. मग ब्रशनं जाळी साफ केली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर ते गरगर फिरून बेअरिंग खराब होतं.

जाळीपर्यंत उष्णता आणते ती चपटी तांब्याची नळी. ती नळी पोकळ असते आणि आत थेंबभर पाणी असतं. हवा काढून घेतल्यामुळे ते पाणी १०० अंशांच्या पुष्कळ खालीच उकळतं. चिपपाशी वाफ होते, वाफ जाळीकडे धावते, तिथं उष्णता टाकून पुन्हा पाणी होते आणि आतल्या भुसभुशीत अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी, परत चिपपाशी येते. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी बनवून दाखवली, तीही अवकाशातल्या कामासाठी. आपला माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. फरक एवढाच की माठाचं पाणी उडून जातं आणि नळीचं फिरून घरी येतं.

चिप आणि तांब्याची पट्टी यांच्या मधली पेस्ट वाळून पापडी झाली होती. दोन्ही पृष्ठभाग दिसतात गुळगुळीत, पण त्यांच्यात बारीक खाचा असतात आणि खाचांत हवा. हवेतून उष्णता धड जात नाही, म्हणून पेस्ट. ती भाकरीवर लोणी थापावं तशी थापायची नसते. तांदळाच्या दाण्याएवढी ठेवून पट्टी दाबली की पुरे. जुनी पुसली, नवी लावली. मग तेच रेंडर, तोच ३६ अंशांचा उन्हाळा: ८४ अंश आणि वेग २.४ वर ठाम. तासभर तसाच.

काम झालं म्हणून मी चहा मागवला. तेवढ्यात दादानं तुझा चार्जर लावला आणि मशीन पुन्हा रखडायला लागलं. बघतो तर वेग ०.४ आणि तापमान फक्त ५२! ताप नाही आणि तरी अंग गळालंय, हा दुसरा आजार. माझा चार्जर लावला, ताबडतोब ठीक. तुझ्या चार्जरच्या पिनेपाशी वायर मोडली आहे. वीज येते, पण मशीनला आपली ओळख पटवून देणारी मधली बारीक तार तुटली आहे. ओळख पटली नाही की मशीन तो चार्जर कमी ताकदीचा समजतं आणि स्वतःला आवळून घेतं. तू चार्जरला वायर करकचून गुंडाळतेस, त्याचा हा परिणाम. म्हणून 'लॅपटॉप मंद झाला' एवढं सांगून भागत नाही. वेग आणि ताप, दोन्ही आकडे एकदम बघायचे. ताप चढलेला आणि वेग उतरलेला, तर कापूस, पेस्ट किंवा खोली. ताप नाही आणि तरी वेग नाही, तर चार्जर किंवा बॅटरी बघ. आणि दोन्ही आकडे ठीक असूनही मशीन रखडत असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. मेमरी भरली असेल, नाहीतर ब्राउझरमध्ये तुझी चाळीस पानं उघडी असतील.

पुढचं तुझ्या हातात. लॅपटॉप गादीवर नको. हवा ओढायची भोकं त्याच्या पोटाला असतात आणि गादी ती बुजवते. टेबलावर ठेव आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली एकेक खोडरबर सरकव, तुझ्याकडे ढिगानं आहेत. दुपारी ड्रॉइंग काढताना प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेव. त्यानं तुझ्या मशीनची ती सुरुवातीची उडी बंद होते आणि मशीन निवांत राहतं. ती सेटिंग कुठं आहे ते दादाला दाखवलंय. रेंडर लावायचं तेव्हा पुन्हा १०० कर. आणि रेंडर पहाटे चारला लाव. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत दिवसाचं ऊन ओकत असतो, पहाटेच काय तो उतरतो. दिवसभर चार्जिंगला लावून ठेवतेस, तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबेल असं करून दिलंय. भरलेली बॅटरी आणि उष्णता यांचं पटत नाही. टचपॅड कधी वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली समज. मशीन बंद कर, चार्जिंग काढ आणि मला फोन कर. तेव्हा पत्र लिहू नकोस.

आपल्या घरी होळी झाली की कूलर गच्चीवर निघतो. जुनं गवत खरवडायचं, टाकी घासायची, पंपाला तेल घालायचं, नवं गवत भरायचं. हे न करता कूलर लावला आणि गार हवा आली नाही, तर भाऊजी नवा कूलर आणायला निघतात का? या लॅपटॉपचं झाकण मात्र चार वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. पुढच्या वर्षी कूलरच्या दिवशीच त्यालाही माझ्याकडे पाठव.

तुला आठवत नसेल, तुझे आजोबा अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर होते. दर तासाला ते प्रत्येक बेअरिंगला उलटा हात लावत फिरायचे. शाफ्टला रुई गुंडाळली की बेअरिंग तापतं, आणि गंजीभर रुई पेटायला एक तापलेलं बेअरिंग पुरतं. सुलटा हात कामानं निबर झालेला असतो, त्याला ताप उशिरा कळतो, म्हणून उलटा. लहानपणी डबा द्यायला गेलो की मीही त्यांच्या मागे हात लावत फिरायचो. ते विचारायचे, "किती?" मी आकडा ठोकून द्यायचो. ते हसायचे आणि ब्रश माझ्या हाती द्यायचे.

तोच हात तू लाव. लॅपटॉप कामात असताना मागच्या जाळीपाशी उलटा हात धर. हवा गरम आणि जोरात येत असेल तर खुशाल काम कर, मशीन आपली उष्णता बाहेर टाकतंय. मशीनचं पोट तापलंय, पंखा ओरडतोय आणि हाताला हवा मात्र लागत नाही, तर आत पुन्हा कापूस धरलाय. त्यासाठी प्रोग्राम लागत नाही.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार. उन्हात दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. नवा चार्जर बॅगेत ठेवलाय. त्याचे पैसे ताईकडून घेणार नाही, कैरीच्या लोणच्याची एक बरणी दादाबरोबर पाठव. आणि हा चार्जर सैल गुंडाळ.