सौर बंबातला गाळ

डहाणू-तलासरीच्या हवेला घर तापवणारी यंत्रे लागत नाहीत. वार्धक्यात अंगाला ऊब मिळते ती सकाळच्या स्नानाची. परसात तांब्याचा बंब होता तेव्हा त्यातली राख रोज निघे, सणासुदीला तो चिंचेने लखलखीत घासला जाई. सौर बंब गच्चीवर गेला आणि नजरेआडही गेला.

तलासरीजवळ राहणाऱ्या आमच्या मामांकडे असा २०० लिटरचा बंब आहे. मामी गेल्यापासून ६ वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. ८१ वर्षांचे मामा गेल्या पावसाळ्यानंतर आंघोळ टाळू लागले. "पाण्याला वास येतो," एवढेच ते म्हणत. घरात त्याचा अर्थ हट्ट, विसर, वयाचा परिणाम असा लावला गेला. डॉक्टरांना दाखवण्याची बोलणीही झाली. मी बादलीत हात घातला, तेव्हा पाणी कोमट होते आणि तळाशी पिवळसर कण बसले होते. मामा अक्षरशः खरे सांगत होते.

कोमटपणा ही केवळ गैरसोय नव्हे. सुमारे २० ते ४५ अंश सेल्सियसच्या साचलेल्या पाण्यात, गाळ आणि क्षारांच्या थरांच्या आश्रयाने, लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची जी साथ पसरली, तिच्यावरून त्यांना हे नाव मिळाले. फवाऱ्याच्या सूक्ष्म तुषारांतून ते फुप्फुसांत जातात. वृद्धांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि दमेकऱ्यांना त्यांचा धोका अधिक. म्हणून साठवणीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापावे, असे सांगतात. पावसाळ्यात इथे ऊन आठवडेच्या आठवडे दिसत नाही. त्या दिवसांत विजेची जोड नसेल तर टाकी नेमकी त्या अपायकारक उबेतच राहते.

सफाईसाठी प्लंबर बोलावला तो पहाटे. काचेच्या नळ्या आदल्या संध्याकाळीच जुन्या चादरींनी झाकून ठेवल्या होत्या, कारण उन्हाने तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी शिरले तर ती तडकते. प्रथम विजेच्या हीटरचा मुख्य स्विच बंद केला. पाण्याविना तो चालू राहिला तर जळून जातो. मग गार पाण्याची चावी बंद करून टाकी खालून रिकामी केली. सुरुवातीला चहाच्या रंगाचे पाणी आले, मग वाळूसारखे पांढरे कण. अनेक जण इथेच थांबतात. पण नळ्यांचे तोंड वरच्या बाजूला, बूड बंद; टाकी रिती झाली तरी त्यांतला गाळ तिथेच राहतो. त्या एकेक करून काढाव्या लागतात. आम्ही २० नळ्या काढल्या आणि रबरी कड्यांना साबणाचे पाणी लावून परत बसवल्या. फवाऱ्याची जाळी लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत घातली. क्षार काढण्यासाठी शौचालयातले ॲसिड टाकीत ओतण्याचा सल्ला एका शेजाऱ्याने दिला, तो मी साफ नाकारला. २०१८च्या नोव्हेंबरपासून या भागात भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत आले आहेत, म्हणून टाकीच्या स्टँडचे बोल्टही आवळून घेतले.

नळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत तीन वेळा टाकी भरली आणि सोडली. मग दुसरीच काळजी उभी राहिली. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते, आणि म्हातारपणी त्वचा पातळ असते. मधुमेह्यांच्या पायांना तर चटका कळतही नाही. म्हणून मामांच्या न्हाणीघरात बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि शेवटी कोपराने परीक्षा, असा क्रम ठरवला. कोपर मात्र माझे नको, स्वतःचेच हवे, असा मामांचा आग्रह. रोज बादलीत कोपर बुडवून "चालेल, बाय" म्हणतात आणि दार लावून घेतात.