आधी चौथी पट्टी

साखरशेत, ता. जव्हार



मालवाहू कंपनीचं बोलावणं आलंय, जाऊ का, असं तू विचारलंस. विमान चालवण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण सहार विमानतळाच्या कार्गोत माझी उभी हयात गेली. तू ज्या रात्रींत शिरू पाहतोयस, त्या मी जमिनीवरून पाहिल्यात.

‘खोकी वाहायला शिकलास का?’ हे तुझ्या आईचं म्हणणं मनाला लावून घेऊ नकोस. २०२० साली २५ मार्चपासून दोन महिने देशातली प्रवासी उड्डाणं बंद होती, तेव्हा औषधं घेऊन मालाची विमानं उडतच होती. पण म्हणून ती नोकरी पक्की असंही नाही. कॅप्टन गोपीनाथांनी २००९ मध्ये ‘डेक्कन ३६०’ काढली, नागपूर मध्यवर्ती म्हणून तिथे तळ धरला, आणि दोनेक वर्षांत ती बंदही पडली. माल तेव्हाही होताच.

मला विचारशील तर कंपनीच्या नावाआधी विमान कोणतं ते बघ. मालाचं ७३७ किंवा ए३२१ असेल तर त्याचं रेटिंग, म्हणजे ते विमान चालवायचा परवाना, उद्या प्रवासी कंपनीतही चालतो. ७५७ असेल तर दहादा विचार कर. ब्लू डार्टने त्यावर वर्षानुवर्षं उत्तम काम केलं, विमानही दणकट. पण बोइंगने ते बनवणं २००४ सालीच थांबवलं. ते रेटिंग घेऊन तू भारतात दुसरं दार कुठलं ठोठावणार?

आता रात्रीचं. मालाची पॅलेट चढवताना विमान मागे कलंडू नये म्हणून शेपटाखाली टेकू लावतात. तू आता चालवतोस त्या एटीआरलाही लावतात, प्रवासी मागच्या दाराने चढतात ना! फरक एवढाच की प्रवासी आपापल्या पायांनी जागेवर जाऊन बसतो. पॅलेट ढकलायचं, खटक्यात अडकवायचं, जाळीचे पट्टे ओढायचे, आणि हे सगळं रात्री अडीचला, झोपेने डोळे चुरचुरत असताना. तू ज्या लोडशीटवर सही करशील, तिच्यात ती झोपही असते. शिवाय खोक्यात काय आहे ते पाठवणारा लिहील तेवढंच कळतं. २०१० च्या सप्टेंबरात दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये आग लागली, मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. दोन्ही वैमानिक गेले. आणि अमेरिकेने २०१४ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम लावले, त्यातून मालवाले वगळले! थकवा काय तिकीट बघून येतो? आपल्याकडे काय रोस्टर मिळेल ते तोंडी ऐकू नकोस. तिथल्याच कुणाकडून मागच्या दोन महिन्यांचं मागून घे आणि मध्यरात्र ते सहा यांतली उड्डाणं मोज. मी दिवसा झोपायला कधीच शिकलो नाही. तुझी मामी अजून म्हणते की त्या वर्षांत घरात माणूस नव्हता, नुसतं पांघरूण होतं.

माझं मत सांगतो. आत्ता जाऊ नकोस. कमांड तोंडाशी आलीय, म्हणजे खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी. तिकडे गेलास की पुन्हा को-पायलटच्या उजव्या सीटवर, नवं रेटिंग, वर ट्रेनिंगचा बाँड. एटीआरवर दिवसाला चार-चार लँडिंग, आखूड धावपट्टी, जुलैचा पाऊस. यावर कॅप्टन म्हणून हात बसवून घे. कमांडचे तास लॉगबुकात असले की मालवालेही तुला डाव्या सीटसाठी बोलावतील. यात एक खोट आहे, ती लपवत नाही. २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कमांडरला वर्षाची. म्हणजे चौथी पट्टी लागली की सुटका महाग. तरी मी पट्टीच घेईन.

पगार दीडपट आहे हे मला दिसतं. घराचा हप्ताही माहीत आहे. त्यासाठीच जायचं असेल तर तसं सरळ म्हण, मी वाद घालणार नाही. मात्र सही करण्याआधी कराराची प्रत इकडे पाठव. व्हॉट्सअॅपवर नको, इथे रेंज कधी असते कधी नसते. इथून पहाटे मोगरा घेऊन दादरला येणाऱ्या जीपवाल्याकडे छापील दे. बाँडचं कलम मला नीट वाचायचंय.

तुझा
मामा