शिवेपलीकडचे खेळ

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना व्हिडिओ गेम सुचवायचा म्हटले की आधी खुलासे द्यावे लागतात. कादंबरी, नाटक आणि अलीकडे चित्रपट इथवर आपली अभ्यासमंडळे येऊन पोचली आहेत. त्यापुढे गेमचे नाव काढले की वर्गात हसू पिकते आणि स्टाफरूममध्ये भुवया उंचावतात. ते खुलासे आम्ही येथे टाळणार आहोत. जपानी रोल-प्लेइंग गेम हा सुमारे चाळीस वर्षांची परंपरा असलेला कथनप्रकार आहे, त्याला स्वतःचे संकेत आणि स्वतःच्या अभिजात कृती आहेत, आणि त्या कृती वाचता येतात, एवढे गृहीत धरून आम्ही त्यांतल्या चारांची शिफारस करू इच्छितो. ही शिफारस ब्रह्मपुरीहून होते आहे, ह्याला मात्र काही अर्थ आहे.

आमच्या ह्या भागात दिवाळी सरली, धान हाती आले, की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वैनगंगेपलीकडचे वडसा हे नाटक कंपन्यांचे ठाणे. तिथून कंपन्या निघतात आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ह्या जिल्ह्यांतल्या गावोगावी मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभराचे प्रयोग लागतात. नाटक जेवणे आटोपल्यावर सुरू होते आणि तांबडे फुटता फुटता संपते. मध्ये गाणी, लावणी, विनोदी पात्राची स्वतंत्र धमाल, खलनायकाचे गडगडाटी आगमन, बापाचा आक्रोश. शहरातला समीक्षक ह्या झाडीपट्टी रंगभूमीला लांबट म्हणतो, भडक म्हणतो, बाळबोध म्हणतो. २०२३ साली परशुराम खुणे ह्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांनी तिचे नाव प्रथमच ऐकले असेल. जपानी रोल-प्लेइंग गेमवरही नेमके हेच तीन आक्षेप घेतले जातात. तो पन्नास-साठ तास चालतो, त्यातली माणसे ढसाढसा रडतात, आणि त्यातली टपोऱ्या डोळ्यांची चित्रे मुलांच्या कार्टूनसारखी दिसतात. घोंगडे अंथरून पहाटेपर्यंत बसणाऱ्या प्रेक्षकाला ह्यांतला एकही आक्षेप सुचणार नाही. लांबी हा त्याच्या लेखी कराराचाच भाग असतो.

आधी थोडा इतिहास. १९८६ साली एनिक्स ह्या कंपनीने 'ड्रॅगन क्वेस्ट' बाजारात आणला. त्याचे कर्ते युजी होरी. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' ह्या अमेरिकी संगणक-खेळांतला आकड्यांचा किचकटपणा त्यांनी सोपा केला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कथा बसवली. पात्रे रेखाटली अकिरा तोरियामा ह्यांनी, जे त्या वेळी 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा काढत होते. संगीत कोइची सुगियामा ह्यांचे. पुढच्याच वर्षी स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फँटसी' आला. म्हणजे चित्रकथेची शैली ह्या खेळांना वरून चिकटवलेली नाही, ती जन्माबरोबर आलेली आहे. आपल्यालाही ती शैली वाटते तितकी परकी नाही. दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली पाहत वाढलेली पिढी एक जपानी मालिकाच पाहत होती. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने ती १९८९ साली काढली होती. किपलिंगचे शिवनीचे जंगल विदर्भाला लागून, आणि त्यातला पोर टोकियोत रेखाटलेला. मात्र नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेल्या 'टीव्ही गेम'च्या कॅसेटींत उड्या मारणारे आणि गोळ्या झाडणारे खेळच प्रामुख्याने असत. ज्यांत मजकूर वाचावा लागतो ते खेळ आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत. गेम म्हणजे वाचनाचा शत्रू, ही समजूत बहुधा तिथली आहे.

ह्या खेळांचे व्याकरण तीन शब्दांत सांगता येते: गाव, शीव आणि रान. गावात माणसे बोलतात, सराईत झोपले की जखमा भरतात, दुकानात तलवार मिळते. शीव ओलांडून चार पावले टाकली की श्वापद समोर येते. ब्रह्मपुरीच्या वाचकाला हे व्याकरण शिकवावे लागत नाही. आमच्या वनविभागात वाघ संरक्षित क्षेत्राच्या हद्दीबाहेर, शेतशिवाराला लागून राहतात. मोहफुले वेचायला किंवा सरपणाला गेलेले माणूस परत न आल्याची बातमी येथे नवलाची राहिलेली नाही. म्हणूनच ह्या खेळांतली एक गोष्ट आम्हांला खटकते आणि विचार करायला लावते. खेळात श्वापद मेले की त्याची नाणी होतात आणि नायकाला 'अनुभव' मिळतो, तोही अंकांत मोजून. मराठी समीक्षेने ज्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्च केली तो हा शब्द येथे मारण्याच्या बदल्यात पदरात पडतो. रान ही ज्याची रोजची वाट आहे त्याला हा हिशेब इतका सरळ वाटणार नाही. ह्या प्रकारातल्या चांगल्या कृतींनाही तो सरळ वाटलेला नाही. अनुभव आणखी कोणत्या मार्गांनी मिळू शकतो, हा प्रश्न त्यांनी आपापल्या परीने विचारला आहे. आमची निवड ह्या प्रश्नावर बेतलेली आहे.

पहिली शिफारस 'क्रोनो ट्रिगर', १९९५. सुरुवात ह्यापासून करावी, कारण तो तुलनेने आटोपशीर आहे, पंचवीसेक तासांत संपतो, आणि आज संगणकावर व मोबाइलवरही मिळतो. होरी, तोरियामा आणि 'फायनल फँटसी'चे हिरोनोबू साकागुची हे तिघे ह्यात एकत्र आले. कथा कालप्रवासाची आहे, पण आम्ही बोट ठेवू ते आरंभीच्या जत्रेवर. जत्रेत नायक हिंडतो, कुणाशी बोलतो, कुणाला टाळतो. एके ठिकाणी कुणाची तरी शिदोरी ठेवलेली असते, ती खाल्ली तर तब्येतीला बरे वाटते. खेळणारा ती सहज खाऊन टाकतो, कारण खेळात जे दिसेल ते घ्यायचे असते. काही वेळाने नायकावर खटला उभा राहतो आणि साक्षीदार येऊन सांगतात की ह्याने परक्याची शिदोरी खाल्ली. वाचकाच्या नकळत घडलेली कृती पुढे पुरावा म्हणून वाचकासमोर ठेवायची, ही युक्ती कादंबरीला साधता येत नाही, कारण कादंबरीचा वाचक काही करतच नाही. वाचकानुगामी समीक्षा शिकवणाऱ्या अध्यापकांना ह्या एका प्रसंगावर दोन तासिका घेता येतील.

दुसरी शिफारस 'पर्सोना ४', ॲटलस कंपनीचा, २००८ सालचा. २०१२ मधली त्याची 'गोल्डन' ही वाढीव आवृत्ती २०२० पासून संगणकावर उपलब्ध आहे. आमच्यासारख्या गावातल्या वाचकाला हा सर्वांत जवळचा वाटेल. शहरातला एक विद्यार्थी वर्षभरासाठी मामाकडे इनाबा नावाच्या लहानशा गावी येतो. गावात जुनेस नावाचे मोठे दुकान उघडल्यापासून जुनी बाजारपेठ ओस पडते आहे. पावसाच्या रात्री बारा वाजता बंद टीव्हीकडे एकट्याने पाहिले तर जोडीदार दिसतो, अशी आवई आहे. आणि गावात खून होऊ लागतात. टीव्हीच्या आतल्या जगात प्रत्येक पात्राची गाठ स्वतःच्या सावलीशी पडते. गावातल्या जुन्या सराईची वारसदार मुलगी आपल्या सावलीच्या तोंडून ऐकते की तिला हे गाव, ही सराई, हा वारसा काहीच नको आहे, तिला कुणीतरी इथून घेऊन जावे. "तू मी नव्हेस" म्हटले की सावली हिंस्र होते. तिला आपली मानले की तीच शक्ती बनते. युंगच्या मानसशास्त्राचे हे लोकनाट्यात केलेले रूपांतर आहे. त्यापेक्षाही महत्त्वाचे असे की ह्या खेळात संध्याकाळी मोजक्या असतात. त्या मामाच्या लहान मुलीबरोबर घालवायच्या, मित्राबरोबर, की अभ्यासात, हे ठरवावे लागते, आणि दिलेल्या वेळातून नाती व बळ दोन्ही वाढतात. म्हणजे अनुभव येथे सहवासातूनही येतो. वर्ष संपते आणि नायक गाडीत बसून निघून जातो. आसपासच्या खेड्यांतून शिकायला ब्रह्मपुरीत येणाऱ्या आणि शिकून नागपूर-पुण्याकडे जाणाऱ्या मुलांना त्या फलाटाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. कांजी आणि नाओतो ह्या दोन पात्रांच्या लैंगिकतेची व लिंगभावाची हाताळणी अपुरी, काही ठिकाणी थट्टेखोर आहे, अशी टीका झाली आहे. ती आम्हांला रास्त वाटते, आणि वर्गात चर्चेसाठी उपयुक्तही.

तिसरी शिफारस 'ट्रेल्स इन द स्काय', निहोन फाल्कॉम, २००४. ह्याचा पहिला भाग २०२५ साली नव्या रूपात आला आहे. एस्टेल ही धीट, बडबडी नायिका आणि तिच्या घरात वाढलेला अबोल जोशुआ गावोगावी फिरून लोकांची लहानसहान कामे करतात. वैशिष्ट्य हे की कथा थोडीशी पुढे सरकली की गावातल्या साध्यासाध्या माणसांची बोलणीही बदलतात. पाववाल्याची चिंता, दोन प्रेमिकांचे भांडण, म्हाताऱ्याची तक्रार, सगळे नायिकेच्या पाठीमागे चालू राहते. कुणी थांबून ऐकले तर ऐकले, नाही तर ते तसेच निघून जाते. प्रादेशिक कादंबरीला जी समूहाची गजबज उभी करायची असते ती येथे आहे. संथपणाची मात्र तयारी हवी. पहिले कित्येक तास मोठे असे काही घडत नाही.

चौथी शिफारस 'नी नो कुनी: रॅथ ऑफ द व्हाइट विच'. जपानीत २०११, इंग्रजीत २०१३. चलच्चित्रे स्टुडिओ जिब्लीची, संगीत जो हिसाइशी ह्यांचे. ऑलिव्हर नावाच्या मुलाची आई त्याला पाण्यातून वाचवते आणि स्वतः दगावते. त्याच्या आसवांनी एक बाहुला जिवंत होतो आणि त्याला दुसऱ्या जगात नेतो. त्या जगात मने मोडलेली माणसे आहेत. कुणाचे धैर्य हरवले आहे, कुणाचा उत्साह. ज्याच्यापाशी तो गुण उरून सांडतो त्याच्याकडून थोडा मागून घ्यायचा आणि ज्याच्यापाशी नाही त्याला द्यायचा, हे ऑलिव्हरचे काम. पण आम्हांला बोलायचे आहे ते त्या बाहुल्याविषयी. मूळ जपानीत तो प्रमाण भाषा बोलत नाही, कान्साई भागाची बोली बोलतो. इंग्रजी अनुवादकांनी त्याला वेल्श ढंग दिला. बोलीला बोलीच दिली पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

येथे आमचा खरा मुद्दा येतो. आमच्या माहितीतला असा एकही खेळ मराठीत खेळता येत नाही. वर सांगितलेले चारही इंग्रजीतूनच वाचावे लागतात, आणि ज्या मुलामुलींना ते सर्वाधिक भिडतील त्यांतल्या पुष्कळांची वाट तिथेच अडते. समजा, उद्या मराठी अनुवाद झाला. त्या बाहुल्याच्या तोंडी कोणती मराठी घालायची? आमच्याकडे 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा विद्यार्थी मुलाखतीला गेला की आधी जीभ सावरतो. झाडीपट्टीच्या रंगमंचावरही नायक बहुधा प्रमाण मराठीत बोलतो आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. त्या जपानी खेळातला बोलीभाषक विनोदी आहेच, पण वाट त्यालाच ठाऊक आहे. दुसऱ्या जगाचे दार त्याच्याशिवाय उघडत नाही. एवढा एक फरक आपल्या रंगमंचाने आणि आपल्या वर्गानेही विचारात घ्यावा असा आहे.

एक इशारा. ह्या खेळांत आपली दैवते भेटतात. 'फायनल फँटसी'त शिवा ही बर्फाची देवी आहे, आणि २००४ सालच्या 'डिजिटल डेव्हिल सागा'त माणसे अग्नी, वायू, पृथिवी, द्यौस् अशा वैदिक नावांच्या रूपांत शिरून एकमेकांना खातात. ज्यांना ह्याचा राग येईल त्यांनी आपल्या नाटकांनी आणि चित्रपटांनी परक्या पुराणांचे काय काय केले ते आठवावे. ज्यांना कुतूहल वाटेल त्यांना तौलनिक अभ्यासाचा आयता विषय मिळेल.

अध्यापकांना एक सूचना करून थांबतो. भाषांतराच्या तासिकेला 'नी नो कुनी'मधला ऑलिव्हर आणि बाहुला ह्यांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग लावावा. वर्गाचे दोन गट करावेत. एकाने तो प्रमाण मराठीत उतरवावा, दुसऱ्याने झाडीबोलीत. मग दोन्ही मोठ्याने वाचून घ्यावेत, आणि कोणत्या वाचनाच्या वेळी वर्ग अधिक शांत बसतो ते पाहावे.