पगार नाही, पण ड्यूटी आहे

बाबांच्या बायपासची तारीख ठरली होती, १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार. मी तेव्हा क्लायंटच्या कामासाठी अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला होते. रविवारी, ९ तारखेला निघून नेवार्कमार्गे मुंबई आणि मंगळवारी सकाळी बडोदा, असा बेत होता. मी एकुलती एक, त्यामुळे हॉस्पिटलच्या कागदांवर सही मीच करायची हे न बोलता ठरलेलं.

रविवारी दुपारी दोनला मेसेज आला की कोलंबस-नेवार्क विमान रद्द. गंमत म्हणजे नेवार्कहून मुंबईचं विमान वेळेवर होतं, कारण कपातीतून आंतरराष्ट्रीय उड्डाणं वगळली होती. मधला दीड तासाचा टप्पाच तेवढा गायब. (गाडी भाड्याने घेऊन का नाही गेलीस, असं आता सगळे विचारतात. नऊ तासांचा रस्ता आहे आणि विमान रात्री नऊला होतं. हिशेब करून बघा.) त्या एका दिवसात अमेरिकेत दोन हजारांवर विमानं रद्द झाली. मला पुढची जागा मिळाली मंगळवारची.

काउंटरच्या रांगेत पुढचा माणूस म्हणाला, "कंट्रोलर खोटं आजारपण काढून घरी बसलेत." मी जोरात मान हलवली. त्या क्षणी मला कोणीतरी शिव्या द्यायला हवंच होतं.

घरी फोन लावला. बडोद्यात रात्रीचे साडेबारा, पण बाबा जागेच होते. बाबा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते, प्रतापनगरच्या कंट्रोल ऑफिसात. कानाला फोन, समोर चार्ट, हातात पेन्सिल. लहानपणी ते ड्यूटीवरून आले की अर्धा तास त्यांच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम होता. मी रडकुंडीला येऊन कंट्रोलरांबद्दल बोलले. ते ऐकून घेत म्हणाले, "अगं, त्यांची ड्यूटी किती तासांची असते?"

"बऱ्याच ठिकाणी दहा तास, बाबा. आठवड्यातून सहा दिवस."

"आमची कंट्रोलला सहा तासांची असायची. आणि पगार?"

"पगार महिनाभर नाही."

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि तू त्यांच्यावर चिडली आहेस?"

पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत मी हेच वाचत बसले. अमेरिकेचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही की कामकाज बंद. २०२५ मध्ये वाद होता आरोग्य विम्याच्या अनुदानावरून. आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकार जातं. तिथे सरकार जागेवर राहतं आणि कर्मचाऱ्यांचा पगार थांबतो. कंट्रोलर 'अत्यावश्यक', म्हणून त्यांनी यायचंच. २८ ऑक्टोबरला त्यांचा पहिला पूर्ण पगार बुडाला. खासदारांचा पगार मात्र चालू असतो. संप करायला कायद्याने बंदी आहे. १९८१ मध्ये केला तेव्हा रेगन यांनी अकरा हजारांवर कंट्रोलर एका फटक्यात काढून टाकले होते. माणसं कमी पडू लागली तेव्हा ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवर उड्डाणं कापायला सुरुवात झाली, आधी ४ टक्के, मग ६. माझं विमान त्यातलंच की कोणी आलं नाही म्हणून, हे मला कोणी सांगितलं नाही.

पण मला जास्त खटकली ती २०१३ ची गोष्ट. तेव्हा बजेटच्या भांडणातून सरसकट कपात झाली, आणि एप्रिलमध्ये कंट्रोलरांना बिनपगारी सक्तीच्या रजेवर पाठवलं. विमानं रखडली, बोंब झाली, आणि संसदेने आठवड्याभरात कायदा करून त्यांना परत कामावर आणलं. खासदारही विमानानेच घरी जातात! त्याच कपातीत नवीन भरती थांबली होती आणि ओक्लाहोमा सिटीची प्रशिक्षण अकादमी बंद पडली होती. ती बरेच महिने तशीच राहिली. त्याने कोणाचं विमान चुकत नव्हतं. २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या बंदमध्ये अकादमी पुन्हा बंद. तो बंद सुटला तोही, दहाएक कंट्रोलर कामावर आले नाहीत आणि न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाची विमानं थांबली त्याच दिवशी.

आता कंट्रोलर घडायला अकादमीनंतरही दोन-तीन वर्षं जातात. एकतिशीच्या आत अर्ज करावा लागतो, ५६ ला निवृत्ती सक्तीची. म्हणजे जी बॅच आलीच नाही, ती नंतर दुप्पट पगार देऊनही बाजारात मिळत नाही. २०२५ मध्ये तिकडे दोन-तीन हजार कंट्रोलर कमी आहेत असं त्यांचं वाहतूक खातंच सांगत होतं.

हे मला समजायला वेळ लागायला नको होता. माझ्या एका जुन्या कंपनीत दोन वर्षं फ्रेशर घेणं बंद होतं. मॅनेजरच्या एक्सेल शीटमध्ये बचत छान दिसायची. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टची खडान्‌खडा माहिती असलेली आम्ही तिघंच उरलो, आणि आळीपाळीने रात्री दोनचे कॉल घेत होतो. त्यात मी एकदा तापाची खोटी थाप मारून सुट्टी घेतली होती. रांगेत मान हलवताना ती आठवली नव्हती.

बुधवारी बाबांना ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा मी विमानात होते. सही दांडिया बाजारच्या चुलतभावाने केली. आई एकटीच बाकावर बसली होती म्हणे. ते मला अजून लागतं, आणि त्याचा राग नेमका कोणावर काढायचा हेही धड कळत नाही. त्याच रात्री वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या आणि ४३ दिवसांचा बंद संपला.

गुरुवारी सकाळी बॅग घेऊनच हॉस्पिटलात पोचले. आयसीयूत पाच मिनिटं सोडलं. बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आलीस," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्यांचा पगार सुटला का गं?"

"सुटेल बाबा आता. मागचाही मिळेल."

"आणि रिलीव्हर?"

त्यावर काय सांगावं कळेना. नर्सने बाहेर जायला सांगितलं.